आधी कागद, मग यंत्र : विषाणूबाधित घरगुती संगणकाविषयी

घरच्या संगणकाला विषाणूची बाधा झाली की घरातील माणसे प्रथम यंत्राची चिंता करतात. संगणक पिशवीत घालून बाजारपेठेतील दुकानात नेला जातो, दुकानदार ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणतो, संध्याकाळपर्यंत यंत्र नव्यासारखे चालू लागते आणि घरात समाधान पसरते. आठ-पंधरा दिवसांनी कुणाला तरी प्रवेशअर्जासाठी एखादा दाखला हवा असतो आणि मग कळते की यंत्र वाचले, पण त्यातील सारे काही गेले. शाळेच्या संगणककक्षाची किल्ली आमच्याकडे आल्यापासून माजी विद्यार्थ्यांकडून आणि पालकांकडून ही हकीकत आम्ही अनेक वेळा ऐकली आहे. (इतिहासाच्या शिक्षकाकडे संगणककक्षाची किल्ली कशी आली, हा वेगळा विषय आहे. निवासी शाळेत कोणतीही किल्ली कोणाच्याही हाती येऊ शकते.)

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. यंत्र दुरुस्त करणे हा या कामातील सोपा भाग आहे. कठीण आणि महत्त्वाचा भाग आहे तो कागद वाचवण्याचा, आणि तो यंत्राला हात लावण्यापूर्वी उरकावा लागतो. येथे कागद म्हणजे संगणकात साठवलेली प्रत्येक गोष्ट : दाखले, पत्रे, छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे. आपल्या समाजातील कुटुंबांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. पूर्वजांच्या घरी दस्तऐवजांच्या पेट्या नव्हत्या. आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्याची एक प्रत कुठेतरी सापडते, ती कुणीतरी स्कॅन करून संगणकात ठेवतो, आणि त्या एका फाइलवर दोन पिढ्यांची जातवैधता पडताळणी उभी राहते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो, हे या स्मरणिकेच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. असा कागद ज्या यंत्रात आहे त्या यंत्राचा विचार दूरचित्रवाणी संचाप्रमाणे करून चालत नाही.

मैंदर्गीतील एका माजी विद्यार्थ्याच्या घरची घटना येथे सविस्तर सांगतो, कारण तीत या विषयाचे बहुतेक पदर येतात. मैंदर्गी हे अक्कलकोट तालुक्यातील सीमेलगतचे गाव, म्हणून घरात मराठीइतकीच कन्नडही बोलली जाते. संगणक आठ-दहा वर्षांचा. त्यात वडिलांच्या निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, आजोबांच्या दाखल्याची प्रत, बहिणीच्या लग्नातील छायाचित्रे आणि आजीने म्हटलेली एकवीस गाणी होती. काही जात्यावरची, काही जयंतीच्या मिरवणुकीत म्हणायची, दोन कन्नडमधली. आजी आदल्या वर्षी वारल्या होत्या.

घरातील एका मुलाला छायाचित्रे सुधारण्याचा महागडा प्रोग्राम फुकट हवा होता. तो त्याला मिळाला, ‘क्रॅक’सह. सोबतच्या सूचनेत पहिलीच ओळ होती की अँटिव्हायरस थोडा वेळ बंद करावा. विषाणूने आत येण्यापूर्वी दारावरच्या राखणदाराला घरी पाठवण्याची विनंती केली आणि ती मान्य झाली. त्यानंतर पडद्यावर विंडोज अद्ययावत होत असल्याची खिडकी दिसू लागली. ती खोटी होती. तिच्या आड फायली कुलूपबंद केल्या जात होत्या. मुलगा जेवून परत आला तेव्हा काम संपले होते. “सर, सगळ्या फायलींच्या नावापुढं चार अक्षरं चिकटल्यात, अन् एकबी उघडंना,” असा त्याच्या मोठ्या भावाचा, म्हणजे आमच्या विद्यार्थ्याचा, फोन आला. मागून त्यांच्या आईंचा आवाज ऐकू येत होता : “आज्जीची गानी तेवढी बघा म्हनावं, बाकीचं र्‍हाऊ द्या.”

या विषाणूचे नाव स्टॉप, दुसरे नाव डीजेव्हीयू. खंडणीखोर विषाणूंमध्ये मोठ्या कंपन्यांच्या मागे लागणारे वेगळे आणि घरगुती संगणक धरणारे वेगळे. हा दुसऱ्या वर्गातील सर्वांत पसरलेल्यांपैकी एक, आणि त्याचा मुख्य मार्ग म्हणजे हेच फुकटचे क्रॅक. तो प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी ठेवतो. चिठ्ठीत मागणी असते ९८० डॉलर. ७२ तासांत संपर्क साधल्यास निम्मी, म्हणजे ४९० डॉलर, आपल्या रुपयांत चाळीस हजारांच्या घरात. नमुना म्हणून एक फाइल फुकट उघडून देण्याची तयारीही दाखवलेली असते. सावकारीचा इतिहास शिकवणाऱ्यास या भाषेत नवे काही आढळत नाही.

विषाणू मात्र आरंभापासून असे नव्हते. १९८६ साली लाहोर येथील अल्वी बंधूंनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा वैयक्तिक संगणकावरील आद्य विषाणूंपैकी एक. फ्लॉपीवरून पसरणाऱ्या त्या विषाणूत त्यांनी स्वतःचे नाव, पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकही घातला होता. खंडणीची कल्पना १९८९ साली आली. एड्सविषयक माहितीच्या नावाखाली सुमारे २०,००० फ्लॉपी टपालाने जगभर पाठवल्या गेल्या, आणि त्या वापरणाऱ्यांकडून पनामातील एका टपालपेटीत १८९ डॉलर पाठवण्याची मागणी झाली. महाराष्ट्रातील कथा याच काळात सुरू होते, आणि ती एका दुरुस्तीच्या दुकानातील आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर यांनी दहावीनंतर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम धरले, पुढे स्वतःचे दुकान काढले आणि संगणकही दुरुस्तीला घेऊ लागले. येणाऱ्या यंत्रांत तेच तेच विषाणू सापडू लागले. संगणकशास्त्र शिकणारे धाकटे बंधू संजय यांनी ते काढणारी साधने लिहिली, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्याला त्यातून ‘क्विक हील’ जन्मास आले. हीच कंपनी २०१६ मध्ये शेअरबाजारात नोंदली गेली. दहावीनंतर हातात स्क्रू-ड्रायव्हर घेतलेल्या मुलाची ही गोष्ट आम्ही वर्गात आवर्जून सांगतो.

मोठी कार्यालयेही या बाधेतून सुटलेली नाहीत. मे २०१६ मध्ये मुंबईत मंत्रालयातील महसूल आणि सार्वजनिक बांधकाम विभागांचे १०० हून अधिक संगणक ‘लॉकी’ या खंडणीखोर विषाणूने धरले. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ जगभर पसरला. त्याने ज्या भगदाडातून प्रवेश केला ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेली होती, ती अनेकांनी बसवलेली नव्हती, इतकेच. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, ‘नॉटपेट्या’ने न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम थांबवले. म्हणून घरच्या संगणकाला बाधा झाली की मुलाला अपराध्यासारखे उभे करू नये. घाबरलेले मूल पुढच्या वेळी गोष्ट लपवते, आणि या कामात पहिल्या तासाला फार किंमत असते.

त्या पहिल्या तासात काय करावे? फायलींची नावे डोळ्यांदेखत बदलत असतील तर यंत्राचे बटण दाबून धरावे आणि ते सरळ बंद करावे; जितक्या फायली उरल्या तितक्या उरल्या. काम होऊन गेलेले असेल तर वायफाय आणि इंटरनेटची तार तोडावी, पेनड्राइव्ह काढावेत. आणि ज्या बाहेरच्या हार्डडिस्कवर आपण जुन्या प्रती ठेवल्या आहेत ती या क्षणी मुळीच जोडू नये. ‘बघू तरी त्यात आहे का’ या उत्सुकतेपायी दुसरी प्रतही गेल्याची उदाहरणे आहेत. पडद्याचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. खंडणीची चिठ्ठी आणि बंद झालेल्या फायली पुसू नयेत, कारण त्या निरुपयोगी दिसल्या तरी तोच आपला पुरावा आणि तीच आपली आशा. त्यानंतर मोबाइलवरून किंवा शेजाऱ्याच्या निरोगी संगणकावरून ईमेल आणि बँक यांचे पासवर्ड बदलावेत. डीजेव्हीयूबरोबर पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्राम अनेकदा आत येतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. बँकेतून पैसे गेले असतील तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणीच्या संकेतस्थळावर तक्रारही नोंदवता येते.

मैंदर्गीच्या घरी आम्ही फोनवर एवढेच सांगितले आणि दुसऱ्या दिवशी गेलो.

जाताना बरोबर एक पेनड्राइव्ह होता, शाळेच्या निरोगी संगणकावर तयार केलेला. त्यावर लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी संचालनप्रणाली होती. संगणक चालू करताना तो विंडोजऐवजी या पेनड्राइव्हवरून चालू करता येतो. विषाणू विंडोजमध्ये बसलेला असतो. विंडोज जागे झालेच नाही तर तोही जागा होत नाही. घरातील माणसे झोपेत असताना आपण कपाटातील कागद काढून आणावेत, तसा हा प्रकार आहे. नव्या लॅपटॉपवर मात्र हार्डडिस्क ‘बिटलॉकर’ने बंद असू शकते, आणि मग ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली लागते, ती बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदलेली असते. जुन्या घरगुती संगणकावर ही अडचण सहसा येत नाही. लिनक्समधून आम्ही सर्व कागद, छायाचित्रे, ध्वनिफायली नव्या हार्डडिस्कवर उतरवून घेतल्या, बाधित आणि निर्बाध अशा दोन्ही. प्रोग्राम, सेटअप, क्रॅक यांतील एकही फाइल घेतली नाही.

आता कुलपाचा विचार. स्टॉप-डीजेव्हीयूच्या १४८ जुन्या प्रकारांसाठी एम्सिसॉफ्ट या कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये कुलूप उघडण्याचे फुकट साधन दिले. त्या जुन्या प्रकारांत एक चमत्कारिक सोय होती : एखाद्या बंद फाइलची मूळ, न बिघडलेली प्रत कुठेतरी सापडली, तर त्या जोडीवरून त्याच प्रकारच्या इतर फायली उघडता येत. इतिहासाच्या विद्यार्थ्यास येथे जेम्स प्रिन्सेपची आठवण होणे साहजिक आहे. सांचीच्या कठड्यांवरील अनेक लहान लेखांच्या शेवटी तीच तीच अक्षरे येतात हे त्याने पाहिले, ती ‘दानं’ असावीत असा तर्क केला, आणि त्या ओळखीच्या शब्दावरून १८३७ मध्ये ब्राह्मी लिपी उलगडत गेली. ऑगस्ट २०१९ नंतरच्या विषाणूत मात्र ही सोय उरली नाही. आता प्रश्न एवढाच असतो की विषाणू काम करताना आपल्या मालकाच्या संगणकाशी जोडला गेला होता की नाही. जोडला गेला नसेल तर तो सर्वांना एकच ठरीव किल्ली वापरतो. अशा वेळी चिठ्ठीतील ओळख क्रमांकाच्या शेवटी इंग्रजी ‘टी’ आणि १ ही खूण दिसते. ती किल्ली आज ना उद्या संशोधकांच्या हाती लागण्याचा संभव असतो. जोडला गेला असेल तर प्रत्येक यंत्राची किल्ली वेगळी, आणि ती चोराकडेच.

मैंदर्गीच्या चिठ्ठीत ती खूण नव्हती. पैसे द्यावेत का, असे वडिलांनी विचारले. आम्ही नको म्हटले. पैसे देऊन किल्ली मिळेलच याची हमी कोण देणार? आणि दिलेल्या पैशातून पुढच्या घरावर धाड पडते.

तरीही सारे संपलेले नव्हते, आणि याचे कारण चोराची घाई. हजारो फायली पूर्ण बंद करण्यास वेळ लागतो, तेवढ्यात मालक सावध होईल. म्हणून डीजेव्हीयू प्रत्येक फाइलचा फक्त पहिला भाग, सुमारे १५० किलोबाइट, बंद करतो. पुढचे सारे जसेच्या तसे असते. याचा परिणाम मोठा विचित्र होतो. वडिलांचे अर्ज, पत्रे, हिशेबाचे तक्ते या फायली त्याहून लहान असल्याने त्या आपादमस्तक गेल्या. मोठ्या फायली डोके गमावून धडाने उरल्या. छायाचित्राच्या फाइलचे डोके गेले की ती उघडतच नाही. त्याच कॅमेऱ्याच्या चांगल्या छायाचित्राचे डोके तिला बसवले तर कधीकधी अर्धेमुर्धे चित्र परत येते, पण ते वेळखाऊ काम आहे. अनेक कागद एकत्र बांधलेल्या झिप फाइलमधून पहिला कागद सोडून बाकीचे बहुधा निघतात. गाण्याची एमपीथ्री फाइल तर लहान लहान स्वतंत्र तुकड्यांची माळ असते. पहिले मणी तुटले तरी पुढची माळ शाबूत राहते.

आजींची एकवीस गाणी एमपीथ्रीत होती. नावापुढे चिकटलेली चार अक्षरे काढली, फाइलच्या आरंभीचा बिघडलेला भाग कापला, आणि गाणे सुरू झाले. नेहमीच्या प्रतीच्या ध्वनिमुद्रणात १५० किलोबाइट म्हणजे साधारण नऊ-दहा सेकंद. प्रत्येक गाण्यातील तेवढे गेले. मुद्रणाच्या आरंभी नात ‘आज्जी, म्हण आता’ म्हणे आणि आजी आधी खाकरत, तो भाग त्या सेकंदांत होता. काही गाण्यांची पहिली ओळही कापली गेली. ती घरातील बायकांना पाठ होती.

लहान कागदांचे काय करायचे, हा प्रश्न उरला. येथे संगणकशास्त्र संपते आणि आमचा विषय सुरू होतो. मूळ पोथी नष्ट झाली म्हणून ग्रंथ नष्ट होत नाही. तिच्या प्रती कुठे कुठे गेल्या याचा माग काढायचा असतो. तुकोबांची गाथा लोकांच्या मुखी होती म्हणून ती उरली, असे आपण मुलांना शिकवतो. मग घरच्या फाइलबद्दल हाच प्रश्न का विचारू नये? ती कुणाकुणाला पाठवली होती? आम्ही सर्वांना बसवून एक यादी केली. आजोबांच्या दाखल्याची प्रत बहिणीने महाविद्यालयीन प्रवेशाच्या वेळी ईमेलने पाठवली होती; ती ‘पाठवलेले’ या कप्प्यात जशीच्या तशी मिळाली. ती तेथे नसती तर ज्या शाळेत आजोबा शिकले तिच्या जनरल रजिस्टरचा उतारा मागता आला असता, पण अशा रजिस्टरांची अवस्था पाहता त्यावर विसंबणे बरे नव्हे. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका डिजीलॉकरमधून घेतल्या. निवृत्तिवेतनाची कागदपत्रे वडिलांच्या जुन्या कार्यालयात होती आणि काही एका सहकाऱ्याच्या व्हॉट्सॲपवर सापडली. लग्नातील छायाचित्रे पाहुण्यांच्या सात मोबाइलमधून आणि छायाचित्रकाराच्या संगणकातून गोळा झाली. पूर्वीपेक्षा संख्येने जास्तच. आमच्या स्नेहसंमेलनातील चार छायाचित्रे त्यांना शाळेच्या संग्रहातून दिली.

एवढे झाल्यावरच यंत्राकडे वळलो. अँटिव्हायरसने तपासून विषाणू काढता येत नाही का, असे विचारले जाते. साध्या बाधेत येतो. विंडोजमधील डिफेंडरची एक ‘ऑफलाइन’ तपासणी असते. ती यंत्र बंद करून विंडोज सुरू होण्यापूर्वी चालते आणि साधारण पाव तासात होते. पण खंडणीखोर किंवा पासवर्डचोर एकदा आत येऊन गेला की कोणते दार त्याने मागे उघडे ठेवले हे कुणी खात्रीने सांगू शकत नाही. अशा यंत्रावर विंडोज पूर्ण नव्याने बसवणे हाच आमच्या मते निर्धास्त मार्ग. मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर ते फुकट उतरवता येते, आणि अधिकृत परवाना असलेल्या यंत्रावर ते बहुधा आपोआप ओळखले जाते.

येथे दुकानात होणाऱ्या ‘फॉरमॅट’विषयी दोन शब्द. बहुतेक वेळा फक्त सी ड्राइव्ह पुसला जातो आणि ‘तुमचा डेटा डीमध्ये आहे, त्याला हात लावला नाही’ असे अभिमानाने सांगितले जाते. बाधित सेटअप त्याच डीमध्ये पडून असतात. २००३ पासून फिरणारा ‘सॅलिटी’सारखा विषाणू तर प्रोग्रामच्या फाइललाच चिकटतो, जुना सेटअप पुन्हा चालवला की तो पुन्हा हजर. त्यात भर म्हणजे विंडोजही परवान्याविना, ‘ॲक्टिव्हेटर’ लावून बसवलेले असते, म्हणजे ज्या वाटेने चोर आला तीच वाट परत झाडून ठेवलेली. कागद बाहेर काढून झालेले असतील तर सर्व विभाग पुसण्यास भिण्याचे कारण उरत नाही.

मराठीत काम करणाऱ्यांनी पुसण्यापूर्वी आणखी एक गोष्ट बाजूला काढावी : फाँटचे फोल्डर. युनिकोडपूर्व काळात श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव अशा फाँटांत टंकलेले लेख आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत. यंत्र नवे झाल्यावर तो फाँट नसेल तर फाइल उघडते, पण मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. लोक समजतात की फाइलही विषाणूने खाल्ली, आणि पुसून टाकतात. ती शाबूत असते, फक्त तिची लिपी वाचणारे घरात कुणी उरलेले नसते. असे लेख सवड काढून युनिकोडमध्ये उतरवून ठेवावेत.

विद्यार्थ्यांच्या पेनड्राइव्हमध्ये सर्वाधिक दिसणारी बाधा मात्र याहून पुष्कळ सौम्य आहे. झेरॉक्सच्या दुकानातून किंवा ई-सेवा केंद्रातून पेनड्राइव्ह परत येतो आणि फोल्डरांच्या जागी बाण असलेले शॉर्टकट दिसतात. विषाणूने खरी फोल्डरे लपवलेली असतात, नष्ट केलेली नसतात. शॉर्टकटवर टिचकी मारली की फोल्डरही उघडते आणि विषाणूही चालतो, म्हणून माणसाला संशय येत नाही. येथे फॉरमॅट करणे म्हणजे सापडलेला कागद स्वतःच्या हाताने जाळणे होय. शॉर्टकटना न शिवता विंडोजमध्ये लपलेल्या आणि संरक्षित फायली दाखवण्याची सोय चालू करावी. किंवा ‘ॲट्रिब’ या जुन्या आज्ञेने लपवण्याची खूण काढावी, कोणत्याही संगणकशिक्षकास ती ठाऊक असते. कागद दुसरीकडे उतरवून घ्यावेत, मग पेनड्राइव्ह खुशाल पुसावा. शासनाचे ‘सायबर स्वच्छता केंद्र’ २१ फेब्रुवारी २०१७ पासून चालू आहे. तेथे विषाणू काढण्याची साधने आणि पेनड्राइव्हसाठी ‘यूएसबी प्रतिरोध’ हे साधन फुकट मिळते. आमच्या कक्षात मुलांचे पेनड्राइव्ह लिनक्सच्या एका जुन्या संगणकावर आधी उघडले जातात. मुले त्या यंत्राला ‘दवाखाना’ म्हणतात.

मैंदर्गीच्या संगणकावर आता रोजच्या वापरासाठी प्रशासकाचे अधिकार नसलेले साधे खाते आहे. छायाचित्रांसाठी आणि लेखनासाठी फुकट आणि मोकळे प्रोग्राम, गिंप आणि लिबरऑफिस, बसवले आहेत. चोरून घेण्याची गरजच उरू नये, हा हेतू. विंडोज ७ ला जानेवारी २०२० पासून आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार उरलेला नाही; ज्यांचे यंत्र नवी विंडोज पेलत नाही त्यांनी लिनक्सचा विचार करावा. कागदांच्या दोन प्रती आहेत. एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, जी महिन्यातून एकदा जोडली जाते आणि काम होताच काढून ठेवली जाते. सतत जोडलेली हार्डडिस्क संगणकाबरोबरच बंद होते, म्हणून ती प्रत मोजूच नये. दुसरी प्रत सोलापुरात बहिणीच्या घरी. गाण्यांची एक प्रत आजींच्या मुलीकडे कर्नाटकातही गेली आहे.

ज्या फायलींना दुसरी प्रत मिळाली नाही अशा काही उरल्याच. धाकट्या भावाच्या प्रकल्पाचा मसुदा, आजोबांच्या घराची काही छायाचित्रे, एक वही भरून केलेली वंशावळ. त्या बंद अवस्थेतच एका जुन्या हार्डडिस्कवर ठेवल्या आहेत, सोबत खंडणीची चिठ्ठी आणि ओळख क्रमांक. युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस आणि दोन सुरक्षा कंपन्यांनी जुलै २०१६ मध्ये सुरू केलेले ‘नो मोअर रॅन्सम’ हे संकेतस्थळ नवनवीन किल्ल्या प्रसिद्ध करत असते, आणि आमचा विद्यार्थी दर सहा महिन्यांनी ते पाहतो. दरम्यान वंशावळ पुन्हा लिहिण्याचे काम त्याच्या आईंनी सुरू केले आहे. ज्यांना नावे आठवतात अशा दोन वृद्ध आत्या दुधनीस असतात, आणि आणखी एक चुलते अफजलपुरात.